न दुखणारा गुडघा

फार पूर्वी सारसपूर नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव आर्जव. तरुणपणी तो तक्षशिलेला गेला, तिथे आयुर्वेद शिकला, शल्यकर्म शिकला, हाडे बसवायची विद्या शिकला. पण विद्या वाढली तशी त्याच्या मनातली शंकाही वाढत गेली. रोग्याला औषध देऊन घरी आला की तो भरल्या ताटावरून उठे आणि पुन्हा त्याच रोग्याच्या दारात जाऊन उभा राही. मात्रा जास्त तर झाली नाही ना, एवढेच विचारी. लोक हसत. "आपण बरे झालो, आता वैद्यराजांना कुणीतरी औषध द्या," असे म्हणत. केस पांढरे झाले, राजवैद्याचे पद मिळाले, तरी त्याची ही खोड गेली नाही.

सारसपूर आणि शेजारचे कंकपूर यांच्या सीमेवर एका टेकडीवर यक्षाचे ठाणे होते. दरवर्षी माघात तिथे यात्रा भरे आणि दोन्ही राजे तिला जात. मिरवणुकीत कोणाची पांढरी छत्री पुढे चालायची याचा निवाडा शर्यतीने होई. दोन्ही नगरांचा एकेक धावपटू पायथ्यापासून पळत निघे. ठाण्यापुढच्या पिंपळाला ज्याचा हात आधी लागेल, त्याचा राजा पुढे. याहून अधिक त्या शर्यतीत काही नव्हते. ना कोणाचे शेत जाणार होते, ना कोणाचे प्राण. प्रश्न छत्रीचा होता. पण दृढवर्मा कित्येक वर्षे कंकपूरच्या छत्रीमागून चालत होता, आणि मागून चालणाऱ्याच्या नाकातोंडात पुढच्यांची धूळ जाते. ती धूळ आता त्याच्या डोक्यात गेली होती.

त्या वर्षी सारसपूरला रेवत सापडला. तो डोंगरातल्या गवळ्यांचा मुलगा. चुकार गाईंमागे कडेकपारींतून धावत तो मोठा झाला होता. त्याला पळताना पाहिले की पाहणाऱ्याला आपल्याच पायांची लाज वाटे. राजाने त्याला नगरात आणले, राजवाड्याच्या पाकशाळेतून त्याला दूधतूप सुरू झाले. वर्षभर आर्जव रोज त्याच्या पायांना तेल चोळी आणि रेवत त्याला आजोबा म्हणे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी राजसभेने रेवताचा सत्कार ठरवला. अजून तो धावला नव्हता, जिंकला नव्हता, पण अमात्य गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. महामात्य भद्रसेनाने सुचवले की धावपटूला मंत्र्यांनी स्वतःच्या खांद्यांवर उचलून सभामंडपाच्या पायऱ्या उतरवावे, म्हणजे त्याच्यावर राज्याचा किती भरवसा आहे ते प्रजेला दिसेल. ज्यांनी जन्मात पाण्याचा तांब्याही उचलला नव्हता अशांनी मग एका माणसाला उचलले. पुढे कोण आणि मागे कोण यावरून पायऱ्यांवरच वाद झाला. कोशाध्यक्ष म्हणाला, पुढचा मान माझा. सेनापती म्हणाला, खांदा तरी आहे का तुम्हाला. दोघेही पुढे सरकले, मागचे दोघे मागेच राहिले, आणि मध्ये कोणीच उरले नाही. रेवत दगडी पायरीवर गुडघ्यावर पडला.

आर्जव पोचला तेव्हा गुडघा कलिंगडासारखा फुगला होता. त्याने हात लावला, वाटी किंचित हलवून पाहिली, पाय वाकवायला सांगितला. रेवताने दात आवळले.

"दुखतंय?"

"नाही आजोबा," रेवत म्हणाला, आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळला.

आर्जवाने पट्टा बांधला आणि सांगितले की हा पाय टेकवायचा नाही, उद्या तर नाहीच. सभेत हे कळले आणि तिथे वेगळाच खल सुरू झाला. गुडघा मोडला म्हटले तर तो कोणी मोडला हे विचारले जाणार, आणि ते विचारले जाऊ नये यावर सर्व अमात्यांचे चटकन एकमत झाले. त्यातून वाट एकच होती. गुडघा मोडलेलाच नाही. पुरोहिताने सांगितले की ग्रहमान उत्तम असताना गुडघा बिघडूच शकत नाही. कोशाध्यक्ष म्हणाला, गवळ्याची पोरे अशी रोजच पडतात. सेनापतीने युद्धात पोटात बाण घेऊन लढलेल्या एका माणसाची हकिकत सांगितली. तो माणूस पुढे जगला का, हे त्याने सांगितले नाही. एवढा वेळ बोलणे चालले, पण त्यांच्यातला एकही जण उठून रेवताच्या खोलीपर्यंत गेला नाही.

दुपारी आर्जवाला बोलावणे आले. राजा सिंहासनावर गप्प बसला होता. बोलला तो भद्रसेन.

"वैद्यराज, बचनाग आणि धोतरा यांचा एक लेप तुम्ही करता. लावला की अंग बधिर होतं. खरं ना?"

"खरं. दात उपटताना लावतो. हाड बसवताना लावतो."

"मग उद्या पहाटे रेवताच्या गुडघ्याला लावा. दुखलं नाही तर तो धावेल."

"धावेल," आर्जव म्हणाला. "पण गुडघ्याच्या आत काय फाटलंय ते मला बाहेरून दिसत नाही. दुखणं आहे म्हणून तो पाय जपून टाकतोय. ते बंद केलं आणि त्याला चढावर सोडलं, तर पुन्हा कधी सरळ चालेल की नाही, सांगता येत नाही."

"सांगता येत नाही," भद्रसेनाने ते शब्द हळूच उचलले. "म्हणजे तो बरा राहण्याचाही संभव आहे."

"आहे."

"तुमची खात्री नाही तर."

"नाही."

सभेत हशा पिकला. कोशाध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाला, "यांना स्वतःच्या जेवणाचीही खात्री नसते, पाय कसले सांगतात." भद्रसेन हसला नाही. तो अतिशय सौम्यपणे म्हणाला की जिथे वैद्याचीच खात्री नाही तिथे राज्याने निर्णय घ्यायला हवा, आणि रेवताचे शरीर वर्षभर राज्याने पोसले आहे, तेव्हा त्या गुडघ्यावर राज्याचा अधिकार आहे.

आर्जवाला राग क्वचितच येई. राग येण्यासाठी आपले बरोबर आहे असे आधी वाटावे लागते, आणि त्याला ते फारसे कधी वाटले नव्हते. पण त्या दुपारी त्याच्या छातीत काहीतरी पेटले. ज्याला खरे सांगायचे आहे तो अडखळतो, आणि ज्याला पोर चिरडायचे आहे त्याची वाणी मधासारखी वाहते, हे त्याला सहन होईना. सभेत तो एकटा म्हणाला होता की मला ठाऊक नाही, आणि तेवढ्यावरून त्याच्या हातातला निर्णय काढून घेतला गेला होता. ज्यांना काहीच ठाऊक नव्हते त्यांना मात्र सगळ्याची खात्री होती.

तरी त्याने आधी रेवताला विचारायचे ठरवले, कारण गुडघा त्याचा होता.

रेवत खोलीत भिंतीला टेकून बसला होता. सगळे ऐकून तो म्हणाला, "लावा की आजोबा."

"पाय जाईल बाळा, कदाचित."

"नाही धावलो तर मी कोण? वर्षभर दूध पिऊन ऐन वेळी आडवा झाला म्हणतील. माझ्या आईला बाजारात तोंड दाखवता येणार नाही. भित्रा म्हणण्यापेक्षा लंगडा म्हटलेलं बरं." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही नाही लावलात तर धाकट्या वैद्याला सांगणार आहेत ते. तो लावील. तुमच्यापेक्षा जास्तच लावील."

आर्जवाने त्याच्याकडे पाहिले. या पोराला त्यांनी खांद्यावरून पाडले होते, आणि पडल्याची लाज मात्र त्याच्याच पदरात टाकली होती. एवढी नीट वाटणी कोणत्या वाण्याला जमली नसती.

तो उठला. लेपाची वाटी घेऊन सभेत आला. रेवतालाही त्याने दोन सेवकांच्या आधाराने तिथे आणवले.

"महाराज," तो म्हणाला, "लेप तयार आहे. माझी खात्री नाही हे मी सांगितलं. अमात्यांची आहे. रेवताचा गुडघा तर दुखावलेला, यांचे धडधाकट. तेव्हा ज्याची खात्री आहे त्याने हा लेप स्वतःच्या गुडघ्याला लावावा आणि सकाळच्याच पायऱ्या भरभर उतरून दाखवाव्यात. एकाने केलं तरी पुरे. मग मी उद्या हाच लेप माझ्या हाताने याला लावीन."

सेनापतीला आपले जुने दुखणे आठवले. पुरोहिताने सांगितले की आज अंगाला विष लावणे त्याला निषिद्ध आहे. कोशाध्यक्ष उपरण्याची घडी नीट करू लागला.

"हा पोरकटपणा आहे," भद्रसेन म्हणाला. "राज्यकारभार असा चालत नाही. लेप लावायचं काम वैद्याचं."

"तेही खरं," आर्जव म्हणाला, आणि तिथेच खाली बसून त्याने धोतर वर खोचले व आपल्या वाळक्या गुडघ्याला लेप लावला.

"आजोबा, नका," रेवत ओरडला, आणि उठायला गेला तसा कळ येऊन पुन्हा बसला.

थोड्या वेळाने आर्जव उभा राहिला. सभामंडपाच्या पायऱ्यांशी गेला आणि उतरू लागला, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या वेगाने. सगळी सभा कठड्याशी गोळा झाली. अर्ध्या वाटेवर त्याचे पाऊल पायरीच्या कडेवर पडले. पाऊल कडेवर पडले हे त्याच्या पायाला कळलेच नाही. गुडघा आतल्या बाजूला वळला, आणि ओली फांदी पिरगाळावी तसा आवाज वरपर्यंत ऐकू आला.

आर्जव पडला नाही. कठडा धरून सावरला आणि तसाच चालत राहिला. गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला वळला होता, तो त्याच पायावर भार देत होता, आणि चेहऱ्यावर वेदनेचे नाव नव्हते. खाली पोचून त्याने वर पाहिले.

"पाहा," तो म्हणाला, "मुळीच दुखत नाही. म्हणाल तर धावतोसुद्धा."

आणि खरोखरच त्याने धावायला पाऊल उचलले. ते वाकडे पाऊल पाहून सभेतल्या कोणीतरी डोळ्यांवर हात घेतला. "धरा त्याला," राजाचा आवाज आला.

दृढवर्मा सिंहासनावरून उठला, पायऱ्या उतरून गेला आणि त्याने म्हाताऱ्याला स्वतः खाली बसवले. मग परत वर येऊन रेवतासमोर बसला, पट्टा सोडला आणि तो काळानिळा गुडघा त्या दिवसात पहिल्यांदा पाहिला.

"कसा पडलास?" त्याने विचारले.

रेवताने अमात्यांकडे पाहिले आणि मान खाली घातली. अमात्यांनी राजाकडे पाहिले आणि मान खाली घातली. राजाला उत्तर मिळाले.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मीही विचारलं नाही. उद्या आपला कोणी धावणार नाही. आपण मागून चालू." मग तो भद्रसेनाकडे वळला. "वैद्यराजांना घरी पोचवा. सकाळी तुम्हाला उचलायची फार हौस होती."

"महाराज, एक विनंती," आर्जव खालून म्हणाला. "त्यांच्या खांद्यांवर नको."

शेवटी बैलगाडी आणली. तिच्यात पेंढा पसरून आजोबा आणि नातू, दोघांचेही पाय फळ्यांना बांधून, शेजारी शेजारी निजवले. रेवत रागावला होता.

"तुम्हाला काय गरज होती?" तो म्हणाला. "तोंडाने सांगायचं होतं."

"तोंडाने सांगितलं होतं रे."

"आणि मी धावलो असतो तर पडलोच असतो कशावरून? कदाचित जिंकलो असतो."

"कदाचित," आर्जव म्हणाला. "मीही तेच घोळवतोय मघापासून. काही उलगडत नाही."

रेवताने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. एवढे सगळे करूनही हा माणूस आपलेच खरे म्हणत नाही, हे पाहून त्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. गाडी एका खड्ड्यातून गेली. आर्जवाच्या तोंडून एकदम विव्हळणे बाहेर पडले आणि त्याने पेंढा मुठीत धरला. लेपाचा अंमल उतरू लागला होता.

"आजोबा, फार दुखतंय का?"

"दुखतंय," आर्जव म्हणाला. डोळ्यांत पाणी होते, पण आवाजात सुटका होती. "आता कुठे पाय माझा वाटतोय. तुझा दुखतो का?"

"दुखतो," रेवत म्हणाला. सकाळपासून त्याने हे पहिल्यांदा कबूल केले, आणि मग गाडीत आडवा पडून तो लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी दृढवर्मा कंकपूरच्या छत्रीमागून चालला. धूळ नेहमीइतकीच होती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रेवताचा पाय बरा झाला आणि तो डोंगरात गाईंमागे पळू लागला. आर्जव मात्र आयुष्यभर काठीने चालला, आणि तेवढ्यानेही त्याची खोड गेली नाही. काठी टेकत टेकत तो रोग्यांच्या दारात परत जाई आणि मात्रा विचारी.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भिक्षूंच्या गुरूने, विहारात सांगितली, कारण गुडघा सुजलेल्या एका तरुण भिक्षूला काही भिक्षूंनी ढोंगी ठरवून भिक्षेसाठी दूरच्या गावी चालत नेले होते. कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, दुसऱ्याच्या वेदनेबद्दल ज्यांना अशी खात्री वाटते, ते आजच जन्मलेले नाहीत. तेव्हाचे अमात्य म्हणजे तुम्हीच, या पोराला ढोंगी म्हणणारे. तेव्हाचा दृढवर्मा म्हणजे या विहाराची व्यवस्था पाहणारा हा वडीलधारा स्थविर, ज्याने आजही उशिरा विचारले, पण विचारले. रेवत म्हणजे खांबाला टेकून बसलेला हा भिक्षू. आणि आर्जव वैद्य म्हणजे मी."

ते ऐकून पहिल्या रांगेतले, त्याला ढोंगी म्हणणारे भिक्षू उठले आणि तरुण भिक्षूच्या पायाशी जाऊन बसले. "दुखतंय का?" असे त्यांनी विचारले, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत कोणी बोलले नाही.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने सांभाळलेला गुण सत्य हा होय. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे भर सभेत म्हणणे हेही सत्यच आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या शरीराने फेडू नये, ही त्या सत्यातली करुणा.