भिवराचा विस्तव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आगपेटी अजून आमच्या डोंगरात पोचली नव्हती, तेव्हाची. करंजखोल गावात तेव्हा विस्तव मागून आणायचा असे. ज्या घरची चूल विझे त्या घरची बाई करवंटी घेऊन शेजारी जाई, चार निखारे आणी आणि भाकरीला बसे. शेजारचीही विझली असेल तर कुठे जायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. टेकाडावरच्या भिवराकडे.

भिवरा नवरी होऊन आली त्या दिवसापासून तिची चूल विझली नाही, असं म्हणतात. जेवणं उरकली की ती निखाऱ्यांवर गोवरी ठेवी, वर राख ओढी आणि लेकराला पांघरूण घालावं तसा वरून हात फिरवी. पहाटे राख सारली की आत लाल डोळा उघडलेला असे.

घरात माणसं तीन. भिवरा, तिचा नवरा धोंडू आणि सासू येसाई. धोंडू बैल घेऊन घाटाखाली मीठ आणायला जाई, त्यामुळे बहुतेक दिवस घरी सासूसुनाच. येसाईचे पाय गेले होते. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, उचलून उन्हात नेऊन बसवणं, सगळं भिवरा करी. जीभ मात्र म्हातारीची धडधाकट होती. तिन्हीसांजेला विस्तव बाहेर दिला तर घरातली लक्ष्मी जाते, असा तेव्हाचा समज. भिवरा तिन्हीसांजेलाही देई. मग येसाई खाटेवरून म्हणे, "दे, दे. एक दिवस चूलच डोक्यावर घेऊन गावभर फीर." भिवरा हसे आणि करवंटी भरी.

येसाईला एकच धास्ती होती. तिचा नवरा रानात एकटा गेला, थोरला लेक पुरात गेला. दोघांच्याही तोंडात शेवटचं पाणी पडलं नव्हतं. आपलं तसं होऊ नये म्हणून तिनं सुनेचा हात धरून शब्द घेतला होता, की माझ्या तोंडात पाणी तू घालायचंस. भिवरानं तो दिला होता.

मग ते वर्ष आलं. श्रावणात झड लागली ती उघडेचना. नदी गावात शिरली, चुलींत पाणी उभं राहिलं. चकमकीचा कापूस भिजून गेला. लोकांनी माळ्यावर दगड मांडून नव्या चुली केल्या, पण त्यांत घालायला विस्तव नव्हता. माणसं भिजवलेली नाचणी चावून राहू लागली. धोंडू नदीपलीकडे अडकला. साऱ्या करंजखोलात एकच धूर निघत होता, टेकाडावर. पण तिथून करवंटीत नेलेले चार निखारे घरी पोचायच्या आत पावसात विझत.

त्याच दिवसांत येसाईचं अन्न सुटलं. एका दुपारी तिला घरघर लागली. भिवरा पाण्याची वाटी आणि तुळशीचं पान घेऊन उशाशी बसली. तेवढ्यात कुंभारवाड्यातली चंद्रा दारात आली. तिची सून बाळंत झाली होती आणि पोर गार पडत चाललं होतं. चंद्रानं सकाळीही विस्तव नेला होता, तो वाटेत विझला. तिनं खाटेकडे पाहिलं आणि काहीच मागितलं नाही. म्हातारीचा जीव घरात गेला की घराला सुतक. सुतकातली चूल थंड करायची, तिथला विस्तव तेराव्यापर्यंत कुणी शिवायचा नाही. तो गेला म्हणजे गावाचाच विस्तव गेला.

हे दोघींनाही कळत होतं. पण भिवरा उठेना. तिनं शब्द दिला होता. चंद्रा माघारी वळली तेव्हा येसाईनं डोळे उघडले.

"कोण गं?"

"चंद्रा आहे, आत्याबाई. विस्तवाला आली होती."

"मग बसलीस काय? चूल घे डोक्यावर."

"तुमचं पाणी राहील."

"मी कुठं पळून जातेय? पाय आहेत का मला?" येसाई म्हणाली. "ये जाऊन. तोवर मी थांबते."

भिवरानं खापरात राख घातली, चुलीतले होते नव्हते ते सगळे निखारे भरले, डोक्यावर चुंबळ ठेवून वर खापर घेतलं आणि त्यावर इरलं ओढलं. चुलीत एक ठिणगी उरली नाही.

इथून पुढे सांगणारे वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं, कुंभारवाड्याच्या वाटेवरच्या ओढ्याचं पाणी उतरून तिच्या घोट्याखाली गेलं. कुणी म्हणतं, पाणी होतं तेवढंच होतं, तीच त्यावरून चालली. खापरातला धूर मात्र सरळ वर जात होता आणि एवढ्या पावसात वाकला नाही, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

कुंभारवाड्यात शेगडी पेटली. पोराला शेक मिळाला, ते रडलं. भिवरा घराकडे निघाली, तर शेजारच्या दारात एक बाई करवंटी घेऊन उभी. तिच्या पुढच्या दारात दुसरी. भिवराचा जीव खाटेपाशी, पण ती कुणाला नाही म्हणाली नाही. दर दारात ती निखारे काढून देई आणि खापर होतं तेवढंच भरलेलं राही, असं म्हणतात. गावकुसाजवळचं शेवटचं घर झालं तेव्हा कुठे त्यात नुसती राख उरली.

ती धावत टेकाड चढली. येसाई दाराकडे डोळे लावून पडली होती. छाती हलत नव्हती. श्वास केव्हाच थांबला होता, असं म्हणतात. म्हातारी तेवढी थांबली होती.

"पोचला सगळीकडं?"

"पोचला, आत्याबाई."

मग येसाईनं तोंड उघडलं. भिवरानं पाणी घातलं. ते गळ्याखाली उतरलं आणि म्हातारी गेली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, नदी उतरली, धोंडू आला. आईला अग्नी द्यायला घरात विस्तव नव्हता. तो गावातून आणावा लागला. आणि तेराव्याच्या सकाळी करंजखोलातलं घर न् घर टेकाड चढून आलं, प्रत्येकाच्या करवंटीत एकेक निखारा. त्यातून भिवराची चूल पेटली, ती तिच्या अखेरपर्यंत विझली नाही.

आता गावात गॅस आहे. तरी कुणाला घरघर लागली की शेजारची बाई न बोलावता येते. त्या घरच्या देवापुढच्या दिव्यावर आपला दिवा लावते आणि पदराआड धरून आपल्या घरी नेते. तेराव्यापर्यंत तो तिथे तेवतो, मग परत येतो. त्याला भिवराचा विस्तव म्हणतात. दिवा उंबऱ्याबाहेर पडला की खाटेभोवतीची माणसं पाण्याची वाटी हातात धरून गप्प बसतात. शेजारून हाक येते, "पोचला." मगच तोंडात पाणी घालतात.

हाक येईपर्यंत करंजखोलातलं माणूस जात नाही, असं म्हणतात.