द्वारकाबाईंचा माठ

"म्हणजे तुम्ही हा माठ ठेवून घेणार की नाही, एवढंच सांगा."

खांबेटे मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मठाच्या स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर बसून भागामाय दोडके निवडत होती. वय ऐंशीच्या पुढचं. आपण कुणाच्या गुरू आहोत असं ती कधी म्हणाली नव्हती. चाळीस वर्षं मठात भाकऱ्या थापत होती, आणि गादीवरच्या महाराजांच्या पाया पडून झालं की लोक जाताना हळूच मागच्या दाराने हिच्याकडे येत, इतकंच.

मास्तर अडतीस वर्षं शाळेत. त्यातली बारा हेडमास्तर. आपण बोललो की समोरच्याने मान डोलवायची, ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही. पेन्शनीबरोबर घरपोच येत असावी.

माठ दोघांच्या मधे होता. रिक्षातून मांडीवर धरून आणलेला. पोटाला भोकं पाडलेली, तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळीचे चार वेढे.

"ठेवायचा म्हंजे कसा?"

"असाच. न उघडता. उद्या मी नाशिकला मुलाकडे चाललोय, कायमचा. तो म्हणतो, बाबा, काय हवं ते आणा, तो कचऱ्याचा माठ तेवढा आणू नका." मास्तर थांबले. "आमच्या हिचा आहे हो हा."

"आत काय हाय?"

"तिने शेवटी चिरलेल्या भाजीच्या साली. आषाढात गेली. सकाळी दोडक्याची भाजी केली, आम्ही जेवलो, आणि दुपारी… त्या दिवसापासून हे फडकं सोडलेलं नाही मी."

आठ महिने झाले होते. पालापाचोळ्याची माती कशी होते हे ज्याने आठवीच्या पोरांना छडी दाखवून पाठ करायला लावलं, तोच माणूस सांगत होता की माठात साली आहेत. शास्त्र दुसऱ्यांच्या पोरांसाठी असतं.

पण मास्तरांना खरंच तसं वाटत होतं.

द्वारकाबाई रोज सकाळी गॅलरीत या माठाशी बसायच्या. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर वाळका पाला. पाला हातानेच चुरायच्या. वर जुन्या खताची एक मूठ. "विरजण लावतेय," म्हणायच्या. पेपराच्या आडून मास्तर म्हणायचे, "घरात उकिरडा." बावीस वर्षं हा एकच विनोद. बावीस वर्षं त्या हसल्या.

हल्ली मास्तरांना पहाटे जाग यायची, आणि पाला चुरल्याचा आवाज आला की उठू, म्हणून ते पडून राहायचे.

"कशाच्या साली म्हनालास?"

आई गेल्यापासून मास्तरांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. राग यायला हवा होता. आला नाही.

"दोडक्याच्या. शिरा."

"शिरा टाकल्या तिनं?"

"टाकेल नाही तर काय करेल? शिरा ढोरं खातात."

भागामायने हातातला दोडका खाली ठेवला.

"जेवायला आनिक काय होतं त्या दिवशी?"

"भाकरी. भाजी. तिळाची चटणी." मास्तरांचा चेहरा जरा सैल झाला. "चटणी तिचीच. सून करते, पण नुसते तीळ दाताखाली येतात. हिची कुरकुरीत असायची. जराशी हिरवट."

"हिरवट."

"हो. हिरवट."

भागामायने विळी पायाने पुढे सरकवली.

"काढ शिरा."

"मी?"

"मी तर रोजच काढते."

बहात्तर वर्षांत मास्तर विळीवर बसले नव्हते. गुडघे वाजले. शिरेबरोबर निम्मा गर निघाला, अंगठ्याला चरा पडला. भागामाय बघत राहिली. शाबास म्हणाली नाही, राहू दे असंही म्हणाली नाही.

शिरांचा ढीग झाला. मास्तरांनी तो ओंजळीत उचलला आणि टाकायला जागा शोधू लागले.

तिने मनगट धरलं.

शिरा घेऊन ती चुलीशी गेली. तवा. थेंबभर तेल. शिरा करकरीत झाल्यावर तीळ, सुकं खोबरं, मिरची, मीठ. वरवंटा चार वेळा फिरला. चिमूटभर आणून तिने मास्तरांच्या तळव्यावर ठेवली.

मास्तरांनी ती जिभेवर घेतली.

…

"हीच," ते म्हणाले. "हीच ती."

भागामाय परत ओट्यावर येऊन बसली.

"चव्वेचाळीस वर्षं… मला सांगायची, तिळाची आहे. आवडते ना तुम्हाला, मग घ्या अजून थोडी."

"घ्यायचास?"

"दोनदा."

मग कुणी सांगितलं नसताना मास्तरांनी सुतळी सोडली. गाठ सुटेना, तेव्हा विळीवर धरून कापली. फडकं काढलं.

आत काळी, भुसभुशीत माती होती.

त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तळ चाचपला. साल नव्हती, देठ नव्हता, ओळखू येईल असं काही म्हणजे काहीच नव्हतं. फक्त एक वास आला, आणि मास्तर तसेच वाकलेले राहिले. सकाळचा चहा देताना तिच्या बोटांना हा वास असायचा. ते म्हणायचे, आधी हात धू.

…

भागामायने हनुवटीने अंगणातला वेल दाखवला. नुकताच मांडवावर चढू लागलेला.

मास्तरांनी माठ उचलला. वेलाच्या मुळाशी नेऊन उपडा केला. बुडावर थाप मारली, आतली उरलीसुरली माती बोटांनी खरवडली, आणि रिकामा माठ पोटाशी धरून उभे राहिले. शिकवायला उभं राहिलेल्या माणसासारखे मुळीच दिसत नव्हते.

"मग इतकी वर्षं ती यात टाकत काय होती?"

भागामायने पुढचा दोडका उचलला.

"तू पानात टाकलेलं."