तानाईचं ‘कुठवर गो?’

ऐका बायांनो, लेकरांनो तुम्हीही ऐका. ही तानाईची गोष्ट. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्यावी, उठून मात्र जाऊ नये.

फार वर्षांपूर्वी खाडीकाठी तिवरवाडी नावाचं गाव होतं. गावची विहीर खारी, गोड्या पाण्याचा झरा खाडीपलीकडे. ओहोटी लागली की बाया गाळातून चालत जायच्या आणि भरतीच्या आत हंडा भरून परतायच्या. वाटेवर खुंट रोवलेले होते. खुंट चुकला की पाय रुतलाच.

आणि गावात एक समजूत होती. भरला हंडा डोक्यावरून पडला, तर घरातलं माणूस जातं. म्हणून बाई रुतली तरी हंडा सोडायची नाही. ताठ उभी राहून खाली खाली जायची. मागून शोधायला जावं, तर गाळावर नुसता हंडा, काठोकाठ भरलेला. गावातल्या वेणू नावाच्या पोरीची आई अशीच गेली.

तानाई म्हणजे तरवाल्याची, होडीने माणसं पार नेणाऱ्याची, विधवा. तिने मुलींना वाट शिकवायचं व्रत घेतलं. पण पहिला धडा काय, तर हंडा टाकायचा. मग गाळात मुद्दाम पडायचं, पोटावर सरपटायचं. बाया टोमणे मारत, ही पोरींना चालायला शिकवते की पडायला? तानाई म्हणे, "चालायला त्यांना येतंच की."

वाट ती कधी सांगत नसे. आपणच मुद्दाम भलतीकडे वळायची, की मुली हसत तिला मागे ओढायच्या. खुंटाखुंटाशी विचारायची, "कुठवर गो?" उत्तर द्यायचं, पुढच्या खुंटापर्यंत. झऱ्यापर्यंत म्हटलेलं तिला चालत नसे. वेणू तर गाळ पाहूनच मागे फिरायची. तिला तानाईने महिनाभर पहिल्याच खुंटापर्यंत नेलं, आणि रोज तेवढ्यावरच पाठीवरून हात फिरवला.

माघात तानाई वारली. आठवड्याने वेणूची धाकटी बहीण तापाने फणफणली. घरात गोड्या पाण्याचा थेंब नाही. सकाळच्या ओहोटीला वेणू एकटी निघाली. जाताना एकेक खुंट धरून नीट गेली. येताना धुकं असं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. खुंट नाहीसे झाले. वेणू गुडघाभर रुतली, मग कमरेपर्यंत. टाकायला शिकलेले हात, पण बहीण डोळ्यांपुढे आली आणि ते हंड्याला चिकटूनच राहिले.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "कुठवर गो?"

"कमरेपर्यंत," वेणू म्हणाली.

"ते नव्हे. जायचं कुठवर?"

"पुढच्या खुंटापर्यंत."

"मग हंडा कशाला?"

असं म्हणतात, तो आवाज गाळाखालून आला. बोल तानाईचेच, पण आवाज एकीचा नव्हता, पुष्कळ बायांचा मिळून होता. त्यांत वेणूला आपल्या आईचाही ओळखू आला.

वेणूने हंडा टाकला. पोटावर पडली, एकेक पाय सोडवला आणि सरपटत खुंटाला जाऊन बिलगली. पोटभर रडली. मग उठली. धुकं विरलं होतं, भरतीला अजून अवकाश होता. खुंटाजवळच लवंडलेला रिता हंडा उचलून ती पुन्हा झऱ्याकडे वळली.

तेव्हा तिला दिसलं. तिच्या सरपटल्या खुणेच्या दोन्ही अंगांना अनवाणी पावलं उमटली होती. कुठून आली ते कळत नव्हतं, खुंटाशी मात्र सगळी थांबली होती. त्यांत पाणी साठलं होतं. वेणूने बोट बुडवून जिभेला लावलं, तर गोड. ओंजळी ओंजळीने तिने हंडा भरला. बहिणीने दोन घोट घेतले आणि डोळे उघडले, असं म्हणतात.

आता तिवरवाडीत नळ आले. तरी माघातल्या एका ओहोटीला गावच्या मुली भरले हंडे घेऊन गाळात उतरतात. जी हंडा टाकून सरपटत खुंट गाठते, तिची ओटी भरतात. मग काठावरून एखादी म्हातारी विचारते, "कुठवर गो?" मुली उत्तर देतात. गाळात मुली असतात त्याहून उत्तरं जास्त येतात. मुली भीत नाहीत. काठावरच्या बाया मात्र पदर डोळ्यांना लावतात, कारण त्यांतलं एखादं उत्तर त्यांच्या घरातल्या, गाळात गेलेल्या माणसाचं असतं.