पारवीचा साज

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराआडच्या एका राज्यात सुभानजी नावाचा जासूद होता. राजाचे निरोप तो घोडीवरून गडोगडी पोचवी. घोडीचं नाव पारवी. रंगाने राखी, चालीला हलकी. मुक्काम कुठेही असो, सुभानजी आधी स्वतःच्या हाताने तिला खरारा करी, तिची पाठ चोळून देई आणि मगच जेवायला बसे.

एका वर्षी शत्रूची फौज सीमेवर आली. पारवीने एका दिवसात तीन घाट ओलांडले, निरोप वेळेवर पोचला आणि राज्य वाचलं. राजाने सुभानजीला काय हवं ते मागायला सांगितलं. त्याने स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. माझ्या घोडीला चांदीचा साज द्यावा, एवढंच तो म्हणाला.

साज आला. चांदीने मढवलेलं खोगीर, चांदीच्या रिकिबी, कपाळावर चांदीचं फूल.

खोगिरं शिवणाऱ्या म्हाताऱ्या जिनगराने ते खोगीर पारवीच्या पाठीवर ठेवलं आणि खाली बोटं घालून पाहिलं.

"सुभानजी, हे तिच्या मापाचं नाही. खांद्याशी रुततंय. आठ दिवस माझ्याकडे ठेवा, आतली गादी नव्याने भरून देतो."

दसऱ्याची मिरवणूक चार दिवसांवर आली होती. "तेवढी होऊ द्या, बाबा, मग आणतो," सुभानजी म्हणाला.

मिरवणुकीत लोक राजाला सोडून पारवीकडे पाहत राहिले. मग वरातींची, जत्रांची बोलावणी सुरू झाली आणि जिनगराकडे जायचं राहूनच गेलं. चांदी लवकर काळवंडे. सुभानजी रोज संध्याकाळी चिंच लावून ती घासत बसे. खरारा त्याने पागेतल्या मोतद्दारावर, घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकरावर, सोपवला.

घोडी पाठीला हात लावू देत नाही, असं मोतद्दाराने एकदा सांगितलं. कौतुकाने शेफारली असेल, असं सुभानजीला वाटलं. खोगीर दिसलं की ती कान पाडी, अंग चोरी. एकदा ती त्याला चावली, तेव्हा त्याने तिला काटेरी लगाम चढवला.

एका वरातीत, ऐन वाजंत्रीत, पारवी भर रस्त्यात खाली बसली. सुभानजीने घाईने खोगीर उतरवलं. खालची झूल जखमेला चिकटली होती. पाण्याने भिजवून त्याने ती हळूहळू सोडवली. किती दिवसांची जखम होती कोण जाणे.

जिनगराने येऊन जखम धुतली, हळद भरली. जीव वाचेल, पण हिच्यावर आता कोणी बसायचं नाही, असं त्याने सांगितलं.

"बाबा, हे सगळं मी तिच्यासाठीच केलं होतं," सुभानजी म्हणाला.

"केलंत खरं," म्हातारा हळूच म्हणाला. "पण तिच्याकडे पाहायचं राहिलं."

पारवी पुढे नऊ वर्षं जगली. सुभानजीने जासुदी सोडली आणि तिचा चारापाणी स्वतःकडे घेतला. गावातली पोरं तिच्या गळ्याला मिठी मारत, ती मुकाट उभी राही. पण सुभानजीची चाहूल लागली की ती भिंतीशी अंग दाबून उभी राही. तो गवताचा भारा खाली ठेवी आणि मागे सरे. तो दाराबाहेर गेला, की मगच ती तोंड खाली घाली.

तात्पर्य : ज्याच्यावर माया आहे, त्याला सजवण्याआधी त्याला कुठे दुखतं ते पाहावं.