सोनसळीच्या समाचाराला

एक होता राजा. नाव त्याचं भद्रसेन. निळगड नावाच्या लहानशा राज्यावर तो राज्य करायचा. लहानसं म्हणजे किती, तर राजानं गच्चीवर उभं राहून शिंक दिली की वेशीवरचा पहारेकरी 'शतायुषी व्हा' म्हणायचा. पांघरूण नीट घ्या आधी. हं.

राजाला राणी होती, पण ती फार वर्षांपूर्वी तापानं देवाघरी गेली. मागे राहिली तिची मासोळी. त्याचं काय झालं होतं, लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात ना, लाडवांचे डोंगर, लोकरीचे ससे, मण्यांचे मोर, तसं राणीच्या माहेरच्यांनीही मांडलं होतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध राणीनं ठेवला होता एक काचेचा हंडा. हंड्यात एक सोनेरी मासोळी. मुलाकडच्या बायका म्हणाल्या, "अगंबाई, रुखवतात जिवंत वस्तू कशी?" राणी म्हणाली, "लाडू तुम्ही खाल, ससे कसर खाईल. ही राहील." आणि ती राहिली.

मासोळीचं नाव सोनसळी. आणि बरं का, सोनसळी बोलायची. माशांना बोलता येत नाही हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. बरोबरच आहे ते. पण शाळा या गोष्टीत नाही.

सोनसळी बोलायची ती थेट राणीसारखी. राजा दरबारातून दमून आला की ती हंड्याच्या काठाशी यायची आणि म्हणायची, "अहो राजे, आज त्या कुंभारावर उगाच ओरडलात. चूक तुमची होती." राजा रागवायचा, फेऱ्या मारायचा, मग कुंभाराला बोलावून गूळ-पाणी द्यायचा. बाकी राजवाड्यात त्याला असं बोलणारं कोणी नव्हतं. बाकीचे सगळे म्हणायचे, 'वा महाराज.' राजानं चुकीचा निवाडा दिला तरी वा महाराज, राजाला ठेच लागली तरी वा महाराज. प्रधान तर राजानं तोंड उघडायच्या आधीच वा म्हणून ठेवायचा, म्हणजे मागाहून घाई नको.

तर एकदा काय झालं, सोनसळी आजारी पडली.

आधी खाईना. मग पोट फुगलं. मग अंगावरचे खवले उभे राहिले आणि ती सीताफळासारखी दिसायला लागली. सरळ पोहता येईना. एका कुशीवर कलंडायची आणि तशीच पाण्यावर तरंगत राहायची. आणि बोलायची ती बंद झाली.

राजानं वैद्यबुवांना बोलावलं. वैद्यबुवा म्हातारे, विद्वान, चष्मा कानाला दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी हंड्यात वाकून पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात राजा म्हणाला, "बरी होईल ना?"

वैद्यबुवांनी तोंड मिटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "होईल की."

मग त्यांनी पहिला उपाय केला. हळद. मूठभर हळद हंड्यात टाकली. पाणी असं पिवळंजर्द झालं की मासोळी दिसेनाच. आजारच दिसेना, म्हटल्यावर प्रधानानं दवंडी पिटवली की सोनसळीबाईंना उतार आहे. लोकांना आनंद झाला. मग हळद खाली बसली. सोनसळी होती तशीच कलंडलेली.

मग दुसरा उपाय. राजवाड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, दृष्ट लागली. एवढी सोनेरी कांती, लागणारच. मग मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन हंड्यावरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. असा ठसका उठला की सगळा दरबार खोकत खोकत बाहेर पळाला. न खोकणारी तेवढी सोनसळीच. उतरवताना थोडं मीठ पाण्यात पडलं होतं. त्या मिठानं तिला जरा बरं वाटलं, जरा सरळ झाली, एक चक्करही मारली. राजानं साखर वाटली. साखर लोकांच्या तोंडात विरघळते न विरघळते तोच ती पुन्हा कलंडली.

मग तिसरा उपाय. राजाचा शिंपी होता. त्यानं तलम रेशमाची इवलीशी झोळी शिवली, चारी टोकांना दोरे, दोऱ्यांना बुचं. झोळी पाण्यात सोडली आणि सोनसळीला अलगद तीत ठेवलं. झोळीनं तिला दोन्ही बाजूंनी धरलं आणि ती सरळ उभी दिसायला लागली. अगदी पूर्वीसारखी. राजा हरखून गेला. "पाहा," तो म्हणाला, "सरळ झाली." प्रधान म्हणाला, "वा महाराज." पलंगाला बांधून बसवलं म्हणून माणूस बरं होतं का, हे कोणी विचारलं नाही.

मग लोक समाचाराला यायला लागले.

कोणी आजारी पडलं की माणसं समाचाराला येतात, हे तुम्ही पाहिलंयच. येतात, खुर्ची ओढतात, आणि आजाऱ्यासमोर बसून आपल्या मावशीला काय झालं होतं ते सांगतात. निळगडचे लोक त्यात फार पटाईत. रांग लागली. कोणी मोसंबी आणली. कोणी शहाळं आणलं. एक आजी खिमटी करून घेऊन आल्या. मासोळीनं मोसंब्यांचं काय करायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मोसंबी प्रधानानं खाल्ली. जो येईल तो हंड्यात वाकून विचारायचा, "काय, कसं वाटतंय आता?" आणि लगेच आपणच म्हणायचा, "छान दिसतेय की. चेहऱ्यावर तेज आलंय." मग मावशी. मावशीचं बहुतेक शेवटी चांगलं झालेलं नसायचं.

आणि राजा? राजा दिवसभर हंड्याशेजारी बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "उतार आहे. कालच्यापेक्षा आज बरीच सुधारणा आहे." लोक गेले की सोनसळीला सांगायचा, "कसं वाटतंय गं? बरंच वाटत असेल. उद्या आणखी वाटेल." ती झोळीत सरळ उभी असायची आणि काही बोलायची नाही. राजाला वाटायचं, अशक्तपणा आहे. बोलेल.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. पण रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत उतार आहे, उतार आहे, असं सांगून सांगून राजाचा घसा बसला. साफ बसला. एका संध्याकाळी शेवटचा समाचारवाला गेला, दिवे लागले, राजा हंड्यापाशी वाकला आणि कसाबसा म्हणाला, "कसं वाटतंय गं?"

पुढचं 'बरंच वाटत असेल' त्याच्या घशातून निघेना. नुसती हवा आली. मग तो गप्प बसला. बसावंच लागलं.

थोडा वेळ गेला. पाणी हललं. आणि सोनसळी बोलली.

"दुखतंय," ती म्हणाली.

राजा दचकला. त्यानं काहीतरी बोलायला पाहिलं, पण घसा चालेना.

"फार दुखतंय," सोनसळी म्हणाली. "ही झोळी खवल्यांत रुतते. इतके दिवस मला विचारत होतात, पण उत्तरही तुम्हीच देत होतात. मग मी मध्ये कशाला बोलू?"

राजानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय करू मी?"

"वैद्यबुवांना विचारा. आणि विचारून झालं की गप्प बसा, आत्ता बसलात तसे."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "तू गेलीस तर मला खरं कोण सांगणार? राणी गेली. आता तूही."

"ते तुमचं दुखणं आहे, राजे," सोनसळी म्हणाली. "त्याच्यासाठी माझं पोट फुगवून ठेवू नका."

असं राणीच बोलली असती. अगदी असंच.

मग राजानं वैद्यबुवांना बोलावणं पाठवलं. ते आले. राजानं विचारलं, "हिचं काय होईल?" आणि तोंड मिटून घेतलं. वैद्यबुवांनी वाट पाहिली, महाराज आता 'बरी होईल ना' म्हणतील म्हणून. महाराज काही म्हणेनात. मग वैद्यबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बांधला.

"महाराज," ते म्हणाले, "ती बरी होणार नाही. आतून बिघडलंय सगळं. आणखी काही दिवस काढेल, पण ते दिवस तिला फार जड जातील."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशी आपण 'बरी होईल ना' असं विचारलंत. त्याला नाही म्हणणारा राजवैद्य माझ्या पाहण्यात नाही. असलाच, तर तो राजवैद्य राहिला नसणार."

राजानं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिचं दुखणं थांबेल असं काही आहे?"

"आहे," वैद्यबुवा म्हणाले. "लवंगेचं तेल. दाढ दुखली की लावतो ना आपण, तेच. पाण्यात थोडं थोडं घातलं की आधी तिचं अंग बधिर होईल, दुखायचं थांबेल. मग आणखी घातलं की श्वास थांबेल. तिला कळणार नाही. पण महाराज, एकदा केलं की मागे फिरता येत नाही."

प्रधान दाराशी उभा होताच. तो पुढे आला. "महाराज, लोक काय म्हणतील? राजानं घरच्या मासोळीला... छे. त्यापेक्षा नदीत सोडू. मोकळी होईल बिचारी. आपल्या डोळ्यांआड जे व्हायचं ते होईल."

खरं सांगायचं तर राजाला ते पटलं. एक क्षणभर फार पटलं. नदी, फुलं, वाजंत्री, हात जोडून घरी यायचं. मग त्यानं हंड्याकडे पाहिलं.

"तिला कूस बदलता येत नाही, प्रधानजी," तो म्हणाला. "नदीत पहिला बगळा काय करेल? डोळ्यांआड करायचंय ते माझ्या सोयीसाठी. तिची सोय त्यात काही नाही."

प्रधान वा महाराज म्हणायला विसरला.

मग राजा सोनसळीपाशी गेला आणि तिलाच विचारलं. कधी, म्हणून. आणि गप्प बसला.

"सकाळी," ती म्हणाली. "खिडकीतून ऊन पाण्यात येतं तेव्हा. आणि समाचाराला कोणी नको. मावश्या पुष्कळ ऐकल्या."

मग सकाळ झाली. राजानं दारं लावून घेतली. आत राजा, वैद्यबुवा आणि सोनसळी, तिघंच. राजानं आपल्या हातानं झोळीचे दोरे सोडले, झोळी बाजूला काढली. सोनसळी एका कुशीवर कलंडली. तिला तसंच बरं वाटत होतं. राजानं तळवा पाण्यात तिच्याखाली धरला आणि ती त्यावर टेकली.

"तो मुकुट काढा," ती म्हणाली. "ऊन त्याच्यावरून माझ्या डोळ्यांत येतंय."

राजानं दुसऱ्या हातानं मुकुट काढून जमिनीवर ठेवला.

"हं," ती म्हणाली. "आता दिसताय."

वैद्यबुवांनी कोमट पाण्यात तेल घुसळलं. ते दुधासारखं पांढरं झालं. मग चमच्यानं हळूहळू हंड्यात सोडलं. सगळ्या महालात लवंगेचा वास पसरला. सोनसळीचे कल्ले जोरजोरात हलत होते ते सावकाश हलायला लागले. उभे राहिलेले खवले उन्हात चमकत होते. राजाला पुष्कळ बोलायचं होतं. रुखवताचं, राणीचं, कुंभाराचं. पण तो बोलला नाही. तिला काही म्हणायचं असेल तर ऐकू यावं म्हणून गप्प राहिला. ती काही म्हणाली नाही. दुखत नव्हतं, म्हणून म्हणाली नाही.

मग वैद्यबुवांनी आणखी तेल घातलं. पुष्कळ वेळ थांबले. घाई केली नाही. वाकून पाहिलं, पुन्हा थांबले, पुन्हा पाहिलं.

"गेली, महाराज," ते म्हणाले.

राजानं तिला केळीच्या पानात गुंडाळलं आणि बागेत अनंताच्या झाडाखाली पुरलं. खड्डा त्यानं स्वतः खणला. राजाला खणायची सवय नव्हती, वाकडातिकडा झाला. पण झाला. आणि मग तो तिथेच बसून रडायला लागला.

प्रधान धावत आला. "महाराज, लवंगेचं तेल डोळ्यांत गेलं असेल."

"नाही," राजा म्हणाला. "मी रडतोय."

मग प्रधानानं पागोटं काढलं आणि तोही शेजारी बसला. मोसंबी मीच खाल्ली, असं हळूच म्हणाला.

पुढं काय झालं? पुढं राजा दरबारात बसायला लागला. तिथं एक कोष्टी मागासाठी सूत मागायला आला. राजानं त्याला विचारलं, "कसं चाललंय तुझं?" आणि सवयीनं 'छानच असेल' म्हणणार, तेवढ्यात तोंड मिटलं. दरबारात शांतता पसरली. फार अवघड शांतता, बरं का. कोष्टी या पायावरून त्या पायावर झाला. सगळे खोकले. राजा काही बोलेना. शेवटी कोष्टी म्हणाला, "महाराज, माझ्या घराच्या वरच्या अंगाला तुम्ही हौद बांधलात ना, त्याचं पाणी सगळं माझ्या मागात येतं. गेल्या पावसापासून सांगायचं होतं."

राजा रागवला. फेऱ्या मारल्या. मग हौद दुरुस्त केला.

मग दुसरा बोलला. मग तिसरी एक बाई बोलली, ती म्हणाली की महाराज पहाटे गातात ते जरा हळू गायले तर लेकरं झोपतील. ते राजाला फार लागलं. पण हळू गायला लागला.

सोनसळीची आठवण मात्र गेली नाही. खिडकीत ऊन आलं की यायची. आली की राजा थोडा वेळ काही न करता बसायचा, आणि मग उठून कामाला लागायचा. असा तो राजा, तो वैद्य, तो कोष्टी आणि प्रधानसुद्धा, सगळे निळगडात सुखानं राहिले. अधूनमधून भांडले, पण सुखानं.

आता दिवा मालवते. आणि हो, सोनसळी गेली ती गेली, झोपली नाही. झोप वेगळी असते. झोपलेल्याला सकाळी उठून दात घासावे लागतात. तुम्हाला घासायचेत. मिटा डोळे.