थुंक गं हौसाबाई, दे माझा शंख!

एक होता टिंगू. चिमुकला खेकडा. शंखात राहायचा. शंखातूनच फिरायचा. तुरु तुरु, तुरु तुरु!

एक होती बोट. तिचं नाव हौसाबाई. हौसाबाईला मागे एक नळी. इंजिन चाललं की नळीतून धूर यायचा आणि पाणी यायचं. फुर्रर्र! मग बोटीचे मालक भिवातात्या म्हणायचे, "बोट थुकली रे थुकली!" बोट थुंकली की तात्या खूश. (थुंकायचं फक्त बोटीनं हं. आपण नाही!)

आज मात्र बोट थुंकेना. नुसती खोकली. खुक् खुक् फुस्स! तात्यांनी इंजिन बंद केलं.

टिंगू बसला होता बोटीच्या मागच्या फळीवर. त्याच्या पाठीला सुटली खाज. त्यानं शंख काढला. पाठ खाजवली. खर्र खर्र! तेवढ्यात आली लाट. थप्प! शंख गेला नळीत. गुडगुड गुडुप!

अरे देवा! टिंगूची पाठ उघडी. पाठ मऊ मऊ. आणि पलीकडे कोण उभा? बगळा! बगळ्याला मऊ मऊ फार आवडतं.

टिंगू म्हणाला, "नळीताई, नळीताई, माझा शंख दे."
नळी म्हणाली, "पंपदादा पाणी देईल, तर मी शंख देईन."
बगळा एक पाऊल पुढे आला. टाक!

टिंगू पळाला. तुरु तुरु, तुरु तुरु!
"पंपदादा, पंपदादा,
पाणी दे ना!
नळी शंख देईना.
उघड्या पाठीनं किती फिरू?"
पंप म्हणाला, "इंजिनकाका मला फिरवील, तर मी पाणी देईन."
बगळा आणखी एक पाऊल पुढे. टाक!

तुरु तुरु, तुरु तुरु!
"इंजिनकाका, इंजिनकाका,
पंप फिरव ना!
पंप पाणी देईना,
नळी शंख देईना.
उघड्या पाठीनं किती फिरू?"
इंजिन म्हणालं, "नळीच्या जोडातून माझा धूर गळतो. मला ठसका लागतो. पट्टीमावशी नळी धरील, तर मी पंप फिरवीन."
टाक!

तुरु तुरु, तुरु तुरु!
"पट्टीमावशी, पट्टीमावशी,
नळी धर ना!
इंजिन पंप फिरवीना,
पंप पाणी देईना,
नळी शंख देईना.
उघड्या पाठीनं किती फिरू?"
पट्टी म्हणाली, "मी पडले ढिली! पानामामा मला आवळील, तर मी नळी धरीन."
टाक!

तुरु तुरु, तुरु तुरु!
"पानामामा, पानामामा,
पट्टी आवळ ना!
पट्टी नळी धरीना,
इंजिन पंप फिरवीना,
पंप पाणी देईना,
नळी शंख देईना.
उघड्या पाठीनं किती फिरू?"
पाना म्हणाला, "मला कुठे पाय आहेत? तात्या मला उचलील, तर मी पट्टी आवळीन."
टाक! टाक! बगळ्याला घाई झाली.

तुरु तुरु तुरु तुरु तुरु!
"तात्या, तात्या,
पाना उचल ना!
पाना पट्टी आवळीना,
पट्टी नळी धरीना,
इंजिन पंप फिरवीना,
पंप पाणी देईना,
नळी शंख देईना.
उघड्या पाठीनं किती फिरू?"
तात्या इकडे शोधत होते. तात्या तिकडे शोधत होते. "माझो चष्मो खंय गेलो? चष्म्याशिवाय माका काय दिसणा नाय!"

आता सांगा, चष्मा कुठे होता?
डोक्यावर!
तुम्हाला दिसला. टिंगूला दिसला. तात्यांनाच दिसेना!

टिंगू ओरडला, "डोक्यावर! डोक्यावर!" पण टिंगूचा आवाज केवढासा! मग टिंगूनं नांगी उघडली. तात्यांचा अंगठा धरला. चिमटा!

"आयगे!" तात्या उडाले. टुण्ण! चष्मा घसरला. टप्पकन नाकावर!
"अरे, हंयच होतो! आणि ही बघा, पट्टी ढिली!"

मग काय विचारता!
तात्यांनी पाना उचलला.
पान्यानं पट्टी आवळली. कर्र कर्र!
पट्टीनं नळी धरली. घट्ट!
तात्यांनी इंजिन चालू केलं.
इंजिनानं पंप फिरवला. घर्रर्र!
पंपानं पाणी दिलं. डुबुक डुबुक!

टिंगू मागच्या फळीवर धावला. तुरु तुरु! नळीपाशी बगळा उभा होता. त्यानं चोच उघडली. आ ऽ ऽ...

फुर्रर्र!

हौसाबाई थुंकली! पाणी उडालं, काजळी उडाली, शंख उडाला! काजळी बगळ्याच्या अंगावर. शंख टिंगूच्या पुढ्यात. टिंगू शंखात. सुळकन!

पांढरा बगळा झाला काळाकुट्ट! धक्क्यावरचे कावळे म्हणाले, "काव काव! या काका, बसा!"

तात्या नाचले. "बोट थुकली रे थुकली!"

शंखात थोडा धुराचा वास येत होता. पण घर टिंगूचंच होतं. टिंगू आत वळला. गुदगुल्या झाल्यासारखा हसला. नांगीनं त्यानं दार लावलं. खट्!

आपणही पुस्तक मिटू. खट्!