ताओचिंगचा मुका थाळा

चीनमधल्या तुतीच्या मुलखात, नदीच्या वळणावर, ताओचिंग नावाचे गाव आहे. तिथल्या तालमीच्या दारात काशाचा एक मोठा थाळा टांगलेला आहे आणि शेजारच्या खुंटीला त्याचा दांडका. थाळा रोज घासून लख्ख ठेवतात, पण वाजवत कोणी नाही. आत मुलेमुली मुष्टियुद्धाचा सराव करतात, तोही असाच मुका. आपल्याला वाटते, हे युद्ध म्हणजे आरोळ्या आणि दणादण आपटलेले पाय. इथे कोणी हूं की चूं करत नाही. उजव्या हाताची मूठ वळलेली, डावा पंजा मात्र कायम उघडा. शेवटच्या डावात सगळे एकदम पाय उंच उचलतात. आता जमीन हादरणार म्हणून आपण श्वास रोखतो, तर तो पाय अगदी अलगद खाली टेकतो, बाळ निजलेल्या खोलीत टेकवावा तसा.

"असं का हो?" असे पाहुणे विचारतातच. थाळ्याची राखण करणारे युंग्फू आजोबा या प्रश्नाची वाटच पाहत बसलेले असतात. ते सांगतात ती हकीकत अशी.

फार वर्षांपूर्वी कुओ नावाचा एक उस्ताद होता. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर राखणदार म्हणून तो हिंडायचा. त्याची सगळी विद्या त्याच्या पायात आणि गळ्यात होती. त्याने पाय आपटून आरोळी ठोकली की घोडे बिथरत आणि चोर हत्यारे टाकून पळत, असे सांगतात. पुष्कळदा हात उचलायची वेळच येत नसे. पुढे वय झाले, गुडघे कुरकुरू लागले आणि तांडेवाल्यांना तरुण राखणदार मिळाले. कुओला ना घर होते, ना दार. हिंडत हिंडत तो ताओचिंगला आला.

त्या वर्षी गावाची दैना झाली होती. उशिरा पडलेल्या हिमाने रेशीमकिड्यांची अंडी मारली होती. साऱ्या गावात मिळून एकाच घरातले किडे वाचले होते, शेन काकूंच्या. त्यांनी कोष विणले, त्यांतून पतंग बाहेर पडले आणि त्यांनी अंडी घातली, तरच पुढच्या वर्षी गावात रेशीम होणार होते. नाहीतर गाव उठणार होते. अशी एकुलती एक ठेव म्हटल्यावर चोरांची नजर गेलीच. गावकऱ्यांनी कुओला राखणीला ठेवले आणि सांगितले, किडे सुखरूप राहिले तर नदीकाठची झोपडी तुझी. कुओला आयुष्यात पहिल्यांदा कोणी घर देऊ केले होते. गावकऱ्यांनी हौसेने नवा थाळा आणून किडेघरात दाराशी टांगला, म्हणजे चोर आले की त्याने तो वाजवावा.

शेन काकूंनी तो थाळा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो उस्ताद, हा वाजवलात तर चोरांची गरजच नाही," त्या कुजबुजल्या. "आवाजानं दचकले की मरतात हो माझे किडे. झोपेत तर हमखास."

"मग चोर आल्यावर मी करू काय?"

"ते तुम्ही बघा. पण इथं खोकायचं नाही, शिंकायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर नदीवर जा."

किडे आवाजाने खरोखरच मरतात का, हे ते किडेच जाणोत. काकूंची मात्र तशी पक्की समजूत होती, आणि त्या घरात काकूंचाच शब्द चाले. बिचारा कुओ! ज्या पायाने त्याने नाव कमावले, तो पाय आता चोरासारखा टाकायचा. पहिल्यांदा तो चालला तेव्हा फळी करकरली आणि काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो जागीच थिजला. मग तो चवड्यांवर चालायला शिकला. वळताना वजन कसे पेलावे, श्वास कसा आवरावा, हे सारे त्याला नव्याने शिकावे लागले. शिकता शिकता त्याचा त्या किड्यांवर जीव जडला. पाला खाताना त्यांची जी बारीक चुरचुर चाले, ती तो तासन्‌तास ऐकत बसे.

मग किड्यांची कोष विणण्याआधीची शेवटची झोप आली. माना वर करून सगळे निश्चल झाले आणि चुरचुर थांबली. या झोपेतून उठले की ते अधाशासारखे खातात, म्हणून सारे गाव पाला तोडायला पलीकडच्या डोंगरावर गेले. घरात कुओ एकटा उरला.

भर दुपारी चोर आले, एक म्होरक्या आणि त्याचे दोन साथीदार. त्यांनाही किडे जिवंतच हवे होते, म्हणून तेही चवड्यांवर आले! असे युद्ध कोणी पाहिले नसेल. एक साथीदार अंगावर धावला, कुओने त्याच्या बरगडीत मूठ हाणली, आणि तो कोसळणार तोच त्याला काखेत धरून पाहुण्याला गादीवर निजवावे तसे अलगद निजवले. दुसऱ्याचीही तीच गत. कोणी ओरडले नाही, कोणी शिवी दिली नाही. सगळ्यांचे डोळे मात्र मधूनमधून किड्यांच्या टोपल्यांकडे जात होते.

म्होरक्याने ओळखले की डाव फसला. मग त्याला सुचले ते दुष्टपणाचे होते. त्याने खुंटीवरचा दांडका उचलला, थाळ्यासमोर उभा राहिला आणि पुटपुटला, "मला नाही, तर तुम्हालाही नाही."

कुओचा पाय आपोआप वर गेला. एक दणका, एक आरोळी, आणि हा माणूस गळपटला असता. पण समोर त्या वर केलेल्या माना होत्या. कुओने पाय हळूच खाली टेकवला, पुढे झेपावला आणि डावा पंजा पसरून थाळ्यावर ठेवला. दांडका पंजावर बसला. हाडे मोडली. थाळा वाजला नाही, आणि कुओही नाही. म्होरक्याने पुन्हा मारले. पंजा तिथेच होता. कुओच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ओठ मात्र मिटलेले. तिसऱ्यांदा दांडका वर गेला तो वरच राहिला. मग म्होरक्याने तो मुकाट्याने खुंटीला अडकवला, साथीदारांना उठवले आणि आला तसा चवड्यांवर निघून गेला. तो घाबरला, असे युंग्फू आजोबा म्हणतात. त्यांची बायको आतून म्हणते, "घाबरला कसला? लाज वाटली त्याला." हे भांडण त्यांच्यात लग्नापासून चालू आहे.

चोर दिसेनासे झाल्यावर कुओ बाहेर पडला. हात पोटाशी धरून, पाऊल न वाजवता नदीवर गेला, आणि तिथे त्याने साठवून ठेवलेली आरोळी ठोकली. ती म्हणे डोंगरावर ऐकू गेली. बायका पाल्याच्या टोपल्या टाकून धावत आल्या. शेन काकू आधी किड्यांकडे गेल्या, मग नदीवर. कुओने एकच विचारले, "उठले का?"

"निजलेत अजून," काकू म्हणाल्या आणि त्याचा हात ओंजळीत घेऊन रडल्या.

दुसऱ्या दिवशी किडे उठले आणि पुढे त्यांनी कोष विणले. कुओला झोपडी मिळाली. त्याच्या डाव्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही. गावातली पोरे त्याच्याकडे शिकू लागली, ती त्याच्यासारखाच पंजा उघडा ठेवून, आणि त्याने कोणाला टोकले नाही.

आजही सराव संपला की मुले नदीवर जाऊन मनसोक्त ओरडतात. आजही तो थाळा कसा वाजतो, हे गावात कोणालाच ठाऊक नाही. पाहुण्यांना उत्सुकता असतेच. एकदा वाजवू का, असे कोणी विचारले की युंग्फू आजोबा नाही म्हणत नाहीत. ते स्वतः दांडका काढून पाहुण्याच्या हातात देतात. मग थाळ्याजवळ जाऊन आपला सुरकुतलेला डावा पंजा त्यावर पसरतात आणि शांतपणे पाहत उभे राहतात. पाहुणा दांडका उचलतो, थोडा वेळ तसाच थांबतो, आणि मग तो हळूच, आवाज न करता, खुंटीला अडकवून ठेवतो.